ती गाडी आपली वाटली नाही

बेळगावला जाऊन आले म्हटल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. कुंदा आणलास का, आणि तिकडे मराठी चालतं का. कुंदा आणला होता, पण नाशिकला पोचेपर्यंत निम्मा मीच संपवला. मराठीचं म्हणाल तर मी तिथं होते तोवर मराठीच बोलले आणि कुणी मला अडवलं नाही. माझी पंचाईत झाली ती रंगांनी. त्या भागात गाडी रंगावरून ओळखतात, पाटी वाचून नव्हे, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी गेले ते आक्कांसाठी. आक्का म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची, सुनंदाची, थोरली बहीण. राहणार निपाणी, घरची तंबाखूची शेती, घराणं जैन आणि नेमधर्म कडक. त्यांची एकुलती एक मुलगी पद्मा सहा वर्षांपूर्वी खानापूरच्या एका मराठा शेतकऱ्याच्या मुलाशी स्वतः ठरवून लग्न करून गेली. "त्या घरात पाण्याचा घोट घेणार न्हाय," असं आक्का तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि आक्का बोलतात तसं करतात. आता नात तीन वर्षांची झाली आणि आजीला फक्त मोबाईलच्या पडद्यावर ओळखते. आक्कांचं मन कशानं वळलं ते कुणालाच ठाऊक नाही. पण एक दिवस त्यांनी पद्माला कळवलं, की एक वेळ जेवून जाईन, दिवस असताना येईन, संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेन. बरोबर घरातलं कुणी नको, कारण घरातलं माणूस सगळं बघून ठेवतं आणि सणासुदीला बाहेर काढतं. म्हणून सुनंदानं परदेशातून फोन करून मला गळ घातली. तू काय, रिकामीच आहेस, असंही वर म्हणाली. निवृत्त माणसाला हे सगळेच सांगतात.

निपाणी

निपाणीच्या स्टँडवर दोन राज्यांच्या बसगाड्या येतात आणि बऱ्याचशा लालच असतात. मला सगळ्या सारख्या दिसल्या. आक्कांना मात्र गाडी वळणावर असतानाच कळायचं.

"ही कोल्हापूरची. हिचा लाल वाळल्या मिरचीचा. आपल्याकडचा लाल कुंकवाचा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला कन्नड येतं, मराठी येतं. पाटी का वाचत नाही?"

"पाटी वाचंपतोर जागा जाती गं, विजू."

आमच्या नाशिकला गाडी लागली की आम्ही आधी पाटी वाचतो, मग कंडक्टरला विचारतो, मग शेजारच्याला विचारतो आणि उभ्यानं प्रवास करतो.

थोड्या वेळानं एक बस आली ती चाकापासून टपापर्यंत एका बनियनच्या जाहिरातीत गुंडाळलेली. बाजूवर एक धष्टपुष्ट पैलवान हात वर करून उभा होता. ती ना मिरचीची लाल होती ना कुंकवाची, त्यामुळे फलाटावरचं कुणीही हललं नाही. सगळे तिच्याकडे कुणा परक्याच्या वरातीकडे बघावं तसे बघत राहिले. शेवटी कंडक्टर खाली उतरून "बेळगाव, बेळगाव" असा ओरडला तेव्हा एकच झुंबड उडाली. बसचं दार नेमकं पैलवानाच्या काखेत आलं होतं. आक्का डोक्यावरचा पदर सावरत, मान दुसरीकडे वळवून, त्या काखेतून आत चढल्या. असल्या मार्गानं आपल्याला प्रवास करावा लागेल असं त्यांना कधी वाटलं नसावं.

आक्कांना बस लागते. रस्ता चांगला रुंद होता, तरी त्या सगळा वेळ लिंबू हुंगत आणि डोळे मिटून बसल्या. बेळगावात उतरल्यावर त्यांचा चेहरा लिंबासारखाच झाला होता. "आता पुढं बस नको. आगगाडीच," त्यांनी जाहीर केलं.

टिळकवाडी

आक्कांचे धाकटे भाऊ टिळकवाडीत राहतात. वकिली करून निवृत्त झाले आहेत आणि सगळे त्यांना आप्पा म्हणतात. बंगला टुमदार, अंगणात पारिजातक, बोलणं मुद्देसूद. रात्रीचं जेवण मात्र उन्हं अंगणात असतानाच झालं. या घरात दिवस मावळला की अन्न नाही, आक्कांना तर पाणीही नाही. मी साडेनऊला जेवणारी बाई. संध्याकाळी पाच वाजता पोटात भूक नव्हती म्हणून मी थोडंसंच घेतलं आणि मोठी चूक केली. पुढं खोलीचं दार लावून कुंद्याचा डबा उघडला तो त्यामुळेच.

संध्याकाळी आप्पांच्या व्हरांड्यात त्यांचे स्नेही आले. कानडी, शेजारचेच, तेही निवृत्त. दोघांची चाळीस वर्षांची मैत्री आणि चाळीस वर्षांचं भांडण. त्या दिवशी विषय होता आगगाड्यांच्या नव्या रंगांचा. या मार्गावरच्या कुठल्याशा गाडीला म्हणे नवे पट्टे मारले होते. आप्पांचं म्हणणं, त्यात पिवळा आणि तांबडा मुद्दाम शेजारी शेजारी घेतलेत, हा कानडी झेंडा झाला. स्नेह्यांचं म्हणणं, तांबडा कुठला, तो भगवा आहे, आणि तो पिवळ्यापेक्षा दोन बोटं रुंद का ठेवला याचं उत्तर मिळालं पाहिजे. दोघांनीही वरपर्यंत अर्ज केले होते. दोघांचे अर्ज एकाच दुकानात, एकाच पोरीकडून टाईप करून घेतले होते, हे मला आप्पांच्या पत्नीनं कॉफी देताना हळूच सांगितलं.

मी विचारलं, "पण ती गाडी जाते कुठे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "ते बघायला पाहिजे," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचा बेत असा. आक्कांचं एकाशन होतं. म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. ते जेवण पद्माकडे करायचं त्यांनी ठरवलं होतं. एकाशन नसतं तर घासभर खाऊन उठता आलं असतं. एकाशनाच्या दिवशी बसायचं म्हणजे पोटभर जेवायला बसायचं. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं की कसं, ते मी विचारलं नाही. आप्पा म्हणाले, "आक्का, मी स्टेशनापर्यंत येतो. पुढं त्या पोरीच्या घरी मला नेऊ नको."

"तुला कोण बोलावलंय," आक्का म्हणाल्या.

वाटेवरचं स्टेशन

या स्टेशनचं नाव लिहीत नाही. तिथले मास्तर भले गृहस्थ आहेत, त्यांच्यामागे उगाच चौकशी लागायला नको. बेळगाव आणि खानापूरच्या मधलं एक लहान स्टेशन, एवढं पुरे. जवळच्या खेड्यात बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर. आक्कांना लेकीकडे जाण्याआधी तिथं दर्शन घ्यायचं होतं. दर्शन झालं, आप्पांनी आम्हाला स्टेशनबाहेर सोडलं आणि आम्ही जिना चढायच्या आत मोटार वळवली.

फलाटावर एक बाक, एक कडुनिंब आणि एक नळ. दुपारच्या पॅसेंजरची वाट बघत पंधरावीस माणसं बसली होती. त्यात रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन भाजीवाल्या होत्या आणि लग्नपत्रिका वाटायला निघालेलं एक जोडपं होतं. पॅसेंजरला तिथं कुणी पॅसेंजर म्हणत नाही. ती 'निळी'. निळी आली का, निळीला उशीर हाय का, आमचा चुलता निळीनंच येणार हाय. वर्षानुवर्षं धूळ खाऊन निळी आता पुष्कळशी राखाडी झाली आहे असंही मला कळलं, पण नाव निळीच.

गाडी वेळेवर आली. तिथंच पहिला संशय आला.

इंजिनामागच्या पहिल्या डब्यावर घनदाट जंगल होतं आणि त्यातून एक वाघ आमच्याकडे बघत होता. दुसऱ्यावर धबधबा. तिसऱ्यावर एक शेतकरी जोडपं हसत उभं होतं. त्याचा पटका कडक इस्त्रीचा, तिच्या नाकात नथ आणि दोघांचे दात पांढरेशुभ्र. खाली तीन भाषांत लिहिलं होतं, की आपला प्रवास हाच आमचा आनंद. गाव लिहिलेली पाटी जिथं असायला हवी तिथं वाघाची शेपटी होती.

गाडी थांबली आणि फलाटावरची सगळी माणसं एक पाऊल मागं सरली. एका म्हाताऱ्यानं टोपी नीट केली. कुणीतरी म्हणालं, मंत्री असतील. पत्रिकावाला म्हणाला, शूटिंग असंल. त्याच्या बायकोनं त्याला धबधब्यासमोर उभं करून फोटो काढला. आक्कांनी गाडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला.

"ही आपली न्हवं. मोठ्या पावण्यांची असंल."

मीही मान डोलावली. आत गार हवा असणार, पांढऱ्या टोपीतला माणूस चहाचे ट्रे फिरवत असणार, तिथं आपल्यासारख्यांनी काय म्हणून शिरायचं, असंच मला वाटलं. फलाटावरचे शेतकरी चित्रातल्या शेतकऱ्याकडे कौतुकानं बघत होते. त्याला गाडीत जागा मिळाली होती.

एवढ्यात त्या हसऱ्या शेतकऱ्याच्या तोंडावरची खिडकीची झडप वर सरकली आणि आतून एक खराखुरा, दाढी वाढलेला चेहरा बाहेर आला. चित्रातला माणूस कपाळापासून हनुवटीपर्यंत नाहीसा झाला. आतला मनुष्य या लोकांच्या ओळखीचा दूधवाला होता, मारुती नावाचा.

"आरं चढा की," तो म्हणाला.

सगळे हसले. "बघा रं, मारुत्या पावण्यांच्या गाडीत घुसलाय," एक जण म्हणाला. "आता टीसी धरंल तवा कळंल." मारुती हातवारे करत राहिला, लोक त्याला हात हलवून निरोप देत राहिले. मागं गार्डानं हिरवं निशाण दाखवलं आणि पत्रिकावाल्याच्या बायकोनं त्यालाही हात हलवला. गाडी आमच्या देखत, वाघासकट, निघून गेली. मग सगळे पुन्हा खाली बसले आणि निळीची वाट बघू लागले.

मास्तर बाहेर आले. त्यांनी रिकाम्या रुळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "याक हत्तलिल्ल्री?" का चढला नाहीत, असं त्यांनी कानडीत विचारलं, आणि मग मराठीत म्हणाले, "तुमचीच गाडी होती की. कालपासून चित्रं लावून आलीय. बाहेरनंच सोंग, आत तीच फाटकी बाकडी."

मग थोरली भाजीवाली पाटी उचलत म्हणाली, "बेंदराला आमी बैल रंगवताव. पर शिंगं रंगवताव. सगळ्या अंगावर वाघ काढल्यावर घरचा बैल तरी कोण दारात घील?"

मला हसू आलं, पण आक्कांकडे बघितलं आणि थांबलं. त्या बाकावर बसल्या होत्या आणि सूर्याकडे बघत होत्या. पुढची गाडी अंधार पडल्यावर होती. दिवस मावळायच्या आत खानापूर गाठलं नाही, तर सहा वर्षांनी लेकीच्या घरी मिळणारं जेवण जाणार होतं. पुन्हा त्या कधी येतील याची मला खात्री नव्हती. माणूस एकदा मन घट्ट करून निघतं, दुसऱ्यांदा निघेलच असं नाही.

"आप्पांना फोन करू का?" मी विचारलं.

"त्याला केलास तर त्यो परत न्यायला येईल. पुढं न्यायला न्हाय," त्या म्हणाल्या.

सडकेवर

भाजीवालीच्या ओळखीचा एक रिकामा टेंपो खानापूरकडे निघाला होता. आक्का आणि मी पुढं बसलो, बाकीची मंडळी मागं उभी राहिली. नव्या सडकेचं काम चालू होतं, म्हणून टेंपो मधूनच जुन्या रस्त्यानं, खड्ड्यांतून जाई. दोन्ही बाजूंना भात पिकायला आला होता, सगळीकडे पिवळं झालं होतं आणि पलीकडे जंगलाची निळी कड दिसत होती. हे सारं मी नंतर आठवून लिहिते आहे. त्या वेळी मी फक्त आक्कांचा तोंडावरचा रुमाल बघत होते. दर थोड्या वेळानं टेंपो थांबवावा लागे, त्या उतरून कडेला वाकत. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे पित्ताशिवाय काही पडत नव्हतं.

"परत फिरू या का?" मी एकदा विचारलं.

"न्हाय. पोरगी भाकरी थापून बसली असंल."

पुढं रेल्वेचं फाटक बंद मिळालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली आणि आम्ही फाटकाकडे बघत बसलो. शेवटी एक मळकट, गंजलेली, पानाच्या पिचकाऱ्यांनी नटलेली गाडी धडधडत आली. मागच्या मंडळींनी एकच गिल्ला केला, "ही बघा आपली." ती कुठली तरी लांबची एक्स्प्रेस होती आणि उलट्या दिशेला चालली होती. पण मळकी असल्यामुळे सगळ्यांना ती घरची वाटली.

खानापूर

पद्माचं घर गावाच्या कडेला, भातशेताला लागून. पोचलो तेव्हा सूर्य सागाच्या झाडांमागं गेला होता. आक्का अंगणात उभ्या राहिल्या, पश्चिमेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मावळला."

पद्मा दारात उभी होती. पुढं येऊ की नको असं तिला झालं होतं. नात तिच्या पायाला धरून मागं लपली होती. पद्माची सासू बाहेर आली, ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली बाई. तिनं आक्कांना नमस्कार केला आणि हात रिकामे ठेवून तशीच उभी राहिली. पाणी नाही, गूळ नाही, काही नाही. माझा पारा चढला. आमच्याकडे वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही आधी पाणी विचारतात. आक्कांचा चेहरा कडक झालेला मी बघितला. आता सगळं फिसकटलं असं मला वाटलं.

"पाणी आणलं न्हाय, राग मानू नगासा," विहीणबाई म्हणाल्या. "दिवस मावळला न्हवं. आता पाणी पुढं केलं तर तुमी न्हाय म्हणणार आन मला वाईट वाटणार. घेतलंसा तर तुमचा नेम मोडणार. चूळ भरायला घंगाळात गाळलेलं पाणी काढून ठेवलंय."

आत गेलो. चूल विझवलेली, सगळी भांडी झाकून ठेवलेली. पद्माचा सासरा आणि नवरा भिंतीला टेकून बसले होते. सासरा चांगला मिशाळ, अंगानं दांडगा, आणि त्याचा चेहरा फारच खिन्न होता. कारण हळूहळू उलगडलं. या घरात कुणीच जेवलं नव्हतं.

"पद्मा आल्यापास्नं आमच्यात सांजंच्या आत जेवत्यात," विहीणबाई सांगू लागल्या. "पयल्यांदा ह्यांनी लई कुरकुर केली. आता अंगवळणी पडलंय. ह्यांचं मटणाचं काय आसंल ते रविवारी, परड्यात, येगळ्या चुलीवर. ह्या चुलीला न्हाय. आज तुमची वाट बघत बसलाव आन दिवस गेला. पोरीला तेवढं चारलं."

आक्का उभ्याच होत्या. "तुमी जेवा हो," त्या म्हणाल्या. "तुमाला कुठं नेम हाय."

सासऱ्यानं आशेनं मान वर केली. "पावनी उपाशी आन आमी जेवायचं व्हय?" विहीणबाईंनी विचारलं, आणि त्यानं मान पुन्हा खाली घातली.

मला त्या माणसाची फार दया आली आणि फार प्रेमही वाटलं. ज्या घराला सहा वर्षं पाण्याच्या घोटापुरतंही मोजलं नव्हतं, ते घर आक्कांच्या नेमापायी मुकाट्यानं उपाशी बसलं होतं. आक्कांच्याही हे ध्यानात आलं असावं, कारण त्या एकदम खाली बसल्या आणि कितीतरी वेळ पदराचं टोक चुरगाळत राहिल्या.

जावई भीत भीत म्हणाला, "परतीच्या गाडीची वेळ होईल आता. स्टेशनवर सोडू का?"

"उपाशी माणसाला परत लावतोस व्हय रं?" आक्का म्हणाल्या.

जावयाला त्यांनी 'रं' म्हटलं तसं पद्मानं चटकन माझ्याकडे बघितलं. त्यानं लगबगीनं गादी घालायला घेतली. पुढं गप्पांत तो म्हणाला, की दुपारी गाडी खानापूरला जवळपास मोकळीच आली. इथंही लोकांनी ती सहलीची समजून तिच्यापुढं फोटो काढले आणि परतीचं तिकीट हातात धरून तिला जाऊ दिलं. आता वर कळवणार, की या गाडीला उतारूच नाहीत. मग ती बंद करतील आणि चित्रं दुसऱ्या गाडीला लावतील. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी म्हटलं. सासरा म्हणाला, त्यापेक्षा चार डबे वाढवले असते तर बसायला तरी मिळालं असतं. उपाशीपोटी माणूस मुद्द्याचं बोलतो.

सकाळी आम्ही सगळे ओटीवर बसून पूर्वेकडे बघत होतो. नात आक्कांच्या मांडीवर येऊन बसली होती. मोबाईलमधली आजी एवढी मोठी कशी झाली, असं तिनं आईला विचारलं. भातावर धुकं होतं. सूर्य झाडांवर आला, तरी आक्का नेमाप्रमाणे आणखी दोन घटका थांबल्या, आणि त्यांच्याबरोबर तो मिशाळ माणूसही थांबला. मग पाटपाणी झालं. सगळं ताजं केलं होतं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी आणि घरच्या तांदळाचा भात.

पद्मा वाढत होती. आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. विहीणबाईंनी स्वतःच्या ताटाला अजून हात लावला नव्हता.

"आमटीत मीठ जास्त झालंय गं," आक्का म्हणाल्या. "कितींदा सांगितलंय तुला, मीठ मुठीनं टाकत जाऊ नको. ऐकायचं म्हणून न्हाय कधी."

सहा वर्षांत त्या लेकीला पहिल्यांदा रागावल्या होत्या. पद्मा "व्हय आई" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. आक्कांनी तिच्या पाठीकडे बघितलं, वाटी पुढं सरकवली आणि अजून आमटी मागितली.